मंगल कार्यालयाची अनामत परत मिळवताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात कार्य ठरले की पहिला फेरा कार्यालयाकडे होतो. पत्रिका छापायला जाण्याआधी, बहुतेक वेळा बस्त्याच्याही आधी, पावतीपुस्तकातली एक पावती फाडली जाते आणि वीस-पंचवीस हजारांपासून लाख-दीड लाखांपर्यंतची रक्कम व्यवस्थापकाच्या ड्रॉवरमध्ये जाते. पुढे कार्य मोडले, लांबले किंवा कार्यालयानेच हात वर केले, की ती रक्कम परत मागणारा माणूस एकटा पडतो. गेली काही वर्षे नातलगांना आणि शेजाऱ्यांना असे अर्ज लिहून देताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा समोर आले, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. लॉन्स, बँक्वेट हॉल, मुंजीचा छोटा हॉल किंवा सोसायटीबाहेरच्यांना भाड्याने मिळणारे सभागृह, या सगळ्यांना ती सारखीच लागू पडतात.

पावतीवर नुसते ‘ॲडव्हान्स’ लिहिले आहे. ती अनामत आहे, बयाणा आहे की भाड्याचा भाग?

हा प्रश्न आधी सोडवावा, कारण पुढचा सगळा वाद यावर उभा राहतो. व्यवहारात तीन वेगवेगळ्या रकमांना एकच नाव दिले जाते. पहिली म्हणजे तारीख धरून ठेवण्यासाठी दिलेली लहानशी रक्कम, म्हणजेच बयाणा किंवा विसार. दुसरी म्हणजे एकूण भाड्यापैकी आधीच दिलेला हप्ता. तिसरी म्हणजे मोडतोड झाल्यास भरपाई म्हणून ठेवलेली आणि कार्य आटोपल्यावर परत द्यायची सुरक्षा अनामत. एकाच पावतीत तिन्ही मिसळलेल्या असतील, तर कोणते किती हे व्यवस्थापकाकडून व्हॉट्सॲपवर का होईना लिहून घ्यावे. दीड लाख भाड्याच्या कार्यालयात पंच्याहत्तर हजार भरून घेऊन त्या सगळ्यालाच ‘बयाणा’ म्हणणे सोयीचे असते, पण निम्मी रक्कम ही तारीख धरण्याची किंमत होत नाही, असे ठामपणे म्हणता येते.

पावतीच्या मागे ‘कोणत्याही कारणास्तव रक्कम परत मिळणार नाही’ असे छापले आहे आणि खाली माझी सही आहे. विषय तिथेच संपला ना?

संपला नाही. बहुतेक लोक या एका ओळीपाशी माघार घेतात, आणि कार्यालयवाल्यांनाही हे ठाऊक असते.

भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७४ प्रमाणे, करार मोडल्यास अमुक रक्कम द्यावी लागेल असे करारातच लिहिलेले असले, तरी समोरच्याला त्या रकमेच्या मर्यादेत ‘वाजवी भरपाई’ तेवढीच मिळते. छापलेला आकडा ही वरची मर्यादा आहे, तो आपोआप मिळणारा हक्क नाही. १९६३ साली फतेह चंद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने हे तत्त्व आधीच भरलेल्या आणि जप्त होऊ पाहणाऱ्या रकमेलाही लागू केले. १९६९ च्या मौला बक्ष खटल्याची हकीकत तर कोणाही केटररला कळेल अशी आहे. लष्कराला बटाटे, कोंबड्या, अंडी आणि मासे पुरवण्याचा ठेका होता, पुरवठा झाला नाही, आणि सरकारने ठेकेदाराची अनामत जप्त केली. न्यायालयाने विचारले की माल दुसरीकडून किती जास्त भावाने घ्यावा लागला, याचा पुरावा कोठे आहे? नुकसान मोजता येण्यासारखे असताना ते सिद्ध केले नाही, म्हणून जप्ती टिकली नाही.

मात्र त्याच निकालांमध्ये एक मेखही आहे. व्यवहार पक्का करण्यासाठी दिलेला खरा आणि वाजवी आकाराचा बयाणा घेणाऱ्याच्या चुकीशिवाय व्यवहार मोडला तर बुडू शकतो, हे न्यायालयांनी मान्य केलेले आहे. म्हणून पहिल्या प्रश्नाचे उत्तर इतके महत्त्वाचे ठरते. पाच-दहा हजारांच्या बयाण्यासाठी दोन वर्षे भांडायचे की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे. मी स्वतः सहसा त्या रकमेवर पाणी सोडायला सांगतो आणि उरलेल्या मोठ्या रकमेसाठी शेवटपर्यंत लढायला सांगतो.

आम्ही रद्द केलेल्या तारखेला त्यांनी दुसरे कार्य घेतले. त्याचा उपयोग होतो का?

होतो, आणि माझ्या अनुभवात याच्याइतका उपयोग दुसऱ्या कशाचाच होत नाही. २०१५ च्या कैलाश नाथ खटल्यात दिल्ली विकास प्राधिकरणाने लिलावात भूखंड घेणाऱ्या कंपनीची ७८ लाखांची बयाणा रक्कम जप्त केली होती. मूळ बोली ३.१२ कोटींची होती आणि पुढे तोच भूखंड प्राधिकरणाने ११.७८ कोटींना विकला. सर्वोच्च न्यायालयाने रक्कम परत करायला लावली. प्राधिकरणाने स्वतः करार मोडला होता हे एक कारण होते, आणि नुकसानच झालेले नसताना भरपाई कसली, हे दुसरे. कार्यालयाच्या तारखेचे गणित याहून सोपे असते. तुळशीच्या लग्नानंतरच्या ठसठशीत मुहूर्ताची तारीख दोन महिने आधी मोकळी झाली, तर ती रिकामी राहत नाही.

ते सिद्ध कसे करायचे, याचे एक उदाहरण घरचेच आहे. भाच्याच्या मुंजीसाठी शहराच्या मध्यभागातील एक कार्यालय घेतले होते आणि चाळीस हजार रुपये भरले होते. आजी रुग्णालयात दाखल झाल्याने सात आठवडे आधी आम्ही तारीख रद्द केली. व्यवस्थापकांनी पावती उलटी करून मागची ओळ बोटाने दाखवली, आणि “एवढ्या उशिरा कोण घेणार ही तारीख?” असे म्हणून चहा मागवला. मुहूर्ताच्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास मी रिक्षाने तेथून गेलो. फाटकावर झेंडूच्या माळा होत्या, आणि पाटीवर थर्माकोलच्या अक्षरांत वधूवरांची नावे, वर ‘शुभविवाह’ आणि खाली तारीख लावलेली होती. तारखेसकट पाटी आणि कार्यालयाचे नाव एकाच चौकटीत येईल असा फोटो काढला आणि दुसऱ्या पत्रासोबत पाठवला. अकराव्या दिवशी चौतीस हजार रुपये खात्यात आले. सहा हजार त्यांनी ‘प्रशासकीय खर्च’ म्हणून ठेवले, आणि आम्ही ते सोडले.

असा फोटो पुराव्यापुरताच वापरावा आणि त्या अनोळखी कुटुंबाची नावे समाजमाध्यमांवर फिरवू नयेत. फोटो मिळाला नाही तर ग्राहक आयोगातल्या तक्रारीत त्या दिवसाच्या बुकिंग नोंदवहीची आणि बिलाची प्रत हजर करण्याची मागणी करता येते. ती नोंदवही दाखवायची वेळ आली की बरेच मालक आपणहून बोलणी सुरू करतात.

कार्यालयानेच तारीख रद्द केली किंवा एकच तारीख दोघांना दिली तर?

मग कपातीचा प्रश्नच उरत नाही. संपूर्ण रक्कम परत मिळाली पाहिजे, आणि करार अधिनियमाच्या कलम ७३ नुसार त्यातून सरळ उद्भवलेले नुकसानही मागता येते. ऐनवेळी दुसरे कार्यालय महागात घ्यावे लागले असेल तर दोन भाड्यांतील फरक, पत्रिका पुन्हा छापाव्या लागल्या असतील तर छापखान्याचे बिल, बाहेरगावच्या पाहुण्यांसाठी आगाऊ भरलेल्या खोल्यांचे बुडालेले पैसे, हे सगळे कागदासह मांडावे. मानसिक त्रासाची रक्कमही मागता येते, पण ती बिलांनी सिद्ध केलेल्या नुकसानाच्या कित्येक पट लिहिली की सगळ्या मागणीचेच वजन कमी होते.

महापालिकेने कार्यालयाला टाळे ठोकले, किंवा सरकारी आदेशामुळे कार्यक्रमच होऊ शकला नाही. मालक म्हणतो, यात त्याचा दोष नाही.

दोष नसला तरी पैसे ठेवून घेण्याचा हक्क त्यातून निर्माण होत नाही. करार झाल्यानंतर तो पार पाडणे अशक्य किंवा बेकायदा झाले, तर कलम ५६ नुसार करार निरर्थक ठरतो, आणि कलम ६५ नुसार ज्याला त्या करारातून लाभ मिळाला त्याने तो परत करावा लागतो. बांधकाम परवानगीविना किंवा नदीच्या पूररेषेत उभ्या राहिलेल्या जागेवर कारवाई झाली असेल, तर मालकाला ‘माझा दोष नाही’ असेही सहज म्हणता येणार नाही, कारण जागेची कागदपत्रे त्याच्याच कपाटात होती. मुठेच्या काठाने लॉन्स घेणाऱ्यांनी पावती फाडण्यापूर्वी हे विचारून घ्यावे. २५ जुलै २०२४ रोजी खडकवासल्याच्या विसर्गाने सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरले, त्याची आठवण अजून ताजी आहे.

करोनाकाळातील प्रकरणे याच कलमांभोवती फिरली. एप्रिल २०२१ च्या राज्य शासनाच्या आदेशाने लग्नसमारंभ पंचवीस माणसांत आणि दोन तासांत उरकायचा होता. हॉल तांत्रिकदृष्ट्या उघडा होता, पण सहाशे पानांसाठी घेतलेल्या हॉलचा पंचवीस माणसांना काय उपयोग, हा युक्तिवाद तेव्हा ग्राहकांच्या बाजूने करता येत होता. अशी परिस्थिती पुन्हा आली, तर आदेशाची प्रत आणि आपण ठरवलेली पाहुण्यांची संख्या दाखवणारा कागद, दोन्ही जपून ठेवावेत.

लग्न मोडले, किंवा घरात मृत्यू झाला. हे ‘अशक्य होणे’ धरले जाते का?

सहसा नाही. कार्यालय द्यायला तयार आहे आणि आपल्याला ते नको आहे, अशी ही स्थिती असते, त्यामुळे कलम ५६ चा आधार घेणे कठीण जाते. परंतु कलम ७४ येथेही लागू आहेच, म्हणजे मालकाला त्याच्या खऱ्या नुकसानाएवढेच ठेवता येते. यासाठी रद्द करण्याची सूचना ज्या दिवशी निर्णय झाला त्याच दिवशी लेखी द्यावी. सुतक संपल्यावर बघू, मध्यस्थांकडून एकदा समेटाचा प्रयत्न करून मग कळवू, असे म्हणत तीन आठवडे घालवले, तर ते तीन आठवडे मालकाच्या नुकसानाच्या खात्यात जमा होतात.

कार्य व्यवस्थित पार पडले, पण सुरक्षा अनामतीतून साफसफाई, वीज आणि मोडतोडीच्या नावाखाली बरीच रक्कम कापली.

येथे तपशील मागणे हेच शस्त्र आहे. किती खुर्च्या मोडल्या, एका खुर्चीचा दर काय, विजेचे सुरुवातीचे आणि शेवटचे युनिट किती, जनरेटर किती तास चालला, हे लेखी मागावे. भाड्यात साफसफाई धरलेली असताना ती पुन्हा लावली आहे का, हेही पाहावे. हळदीच्या कार्यक्रमानंतर फरशीवर उरणारे पिवळे डाग हे पुण्यातल्या कार्यालयांचे कपातीचे आवडते कारण आहे. डाग खरोखर पडले असतील तर वाजवी खर्च द्यावा, पण ज्या जागेत वर्षभर हळदी होतात तेथील प्रत्येक जुना डाग आपल्या घरच्या कार्याचा नसतो.

पुढच्या वेळी एक काम घरातल्या एखाद्या तरुणाकडे सोपवावे. किल्ली घेताना आणि परत देताना त्याने मीटरचा, वधूपक्षाच्या खोलीतल्या आरशांचा, नळांचा आणि स्वयंपाकघरातल्या फरशीचा मोबाइलवर सलग व्हिडिओ घ्यावा. त्याला चार मिनिटे लागतात.

परत करताना जीएसटीची रक्कम ‘सरकारला भरून टाकली’ म्हणून देत नाहीत. हे बरोबर आहे का?

सरसकट बरोबर नाही. आगाऊ रकमेवर कर भरला आणि पुढे सेवाच दिली गेली नाही, तर परतावा व्हाउचर देण्याची आणि कराचा हिशेब जुळवून घेण्याची सोय जीएसटी कायद्यातच आहे. जो भाग मालक रद्दीकरण शुल्क म्हणून स्वतःकडे ठेवतो, त्यावरचा कर तो ठेवू शकतो. ३ ऑगस्ट २०२२ च्या केंद्रीय परिपत्रकात रद्दीकरण शुल्क करपात्र मानले आहे. जो भाग परत येतो, त्यावरचा करही परत यायला हवा. परत द्यायची सुरक्षा अनामत तर भाड्यात वळती करेपर्यंत मोबदलाच धरली जात नाही, त्यामुळे तिच्यावर आधीच कर लावला असेल तर तो का लावला, हेच विचारावे. जीएसटी क्रमांक नसलेल्या साध्या पावतीवर कोणी कर घेतला असेल, तर पत्रात त्याचा स्वतंत्र उल्लेख करावा. तो परिच्छेद वाचून पत्राला उत्तर लवकर येते.

‘पैसे नाही, पण वर्षभरात दुसरे कार्य करा, त्यात वळते करून घेऊ’ असे म्हणतात.

हे स्वीकारण्याचे बंधन नाही. घरात सहा महिन्यांत डोहाळजेवण किंवा साठीशांत ठरलेली असेल तर हा पर्याय वाईटही नाही, परंतु मुदत, तेव्हाचा दर आणि रक्कम पूर्ण वळती होईल हे लेटरहेडवर लिहून घ्यावे. तोंडी आश्वासनावर वर्ष घालवल्यास दाव्याच्या मुदतीतले दिवस मात्र संपत राहतात.

पावतीच नाही. रोख दिले होते, किंवा व्यवस्थापकाच्या वैयक्तिक क्रमांकावर यूपीआय केले होते.

यूपीआय असेल तर चिंता करू नये. बँकेच्या उताऱ्यातील व्यवहार क्रमांक आणि त्याच दिवशीचा ‘तारीख बुक झाली’ हा संदेश एकत्र ठेवले की कहाणी पूर्ण होते. पैसे वैयक्तिक खात्यात गेले असले, तरी कार्यालयाच्या नावाने तारीख दिली गेली आहे हे दाखवावे आणि मालक व व्यवस्थापक दोघांनाही प्रतिपक्ष करावे. रोख रकमेचे प्रकरण अवघड असते. अशा वेळी भांडण जाहीर होण्यापूर्वी एक साधा संदेश पाठवावा, “आम्ही अमुक तारखेला दिलेले तीस हजार कधीपर्यंत परत कराल?” त्याला “पुढच्या महिन्यात बघतो” असे उत्तर आले, तर रक्कम मिळाल्याची कबुली त्यातच आहे. संदेश मूळ फोनवरून पुसू नयेत आणि फोन बदलू नये. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार छापील प्रतींसोबत प्रमाणपत्र जोडता येते.

पावती मामाच्या नावावर आणि लग्न भाचीचे, असे असले तरी बिघडत नाही. सेवेचा लाभ ज्याला मिळणार होता तोही कायद्याने ग्राहकच असतो.

सुरुवात कशाने करावी?

फोनने नव्हे, पत्राने. फोनवर आवाज चढतात, आणि चढलेल्या आवाजाची नोंद कोठेच राहत नाही. पत्र साधे, एका पानाचे आणि शिव्याशाप नसलेले असावे. मी बहुधा या धर्तीवर लिहितो :

“दि. ... रोजी ... या कार्यासाठी आपल्या कार्यालयाची दि. ... ही तारीख आम्ही निश्चित केली व पावती क्र. ... अन्वये रु. ... आपणास दिले. दि. ... रोजी, म्हणजे कार्याच्या ... दिवस आधी, आम्ही बुकिंग रद्द केल्याचे लेखी कळवले. आपले काही प्रत्यक्ष नुकसान झाले असल्यास त्याचा तपशील व पुरावा द्यावा, आणि उर्वरित रक्कम हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत पुढील खात्यात जमा करावी. तसे न झाल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये व्याज आणि खर्चासह दाद मागण्यात येईल.”

‘नुकसानाचा तपशील व पुरावा द्यावा’ हे वाक्य गाळू नये. मालकाने उत्तर दिले तर त्याचा आकडा कळतो, आणि दिले नाही तर ते मौन आपल्या तक्रारीला जोडता येते. पत्र पोहोच-नोंदीसह स्पीड पोस्टने पाठवावे, कारण रजिस्टर्ड पोस्ट ही वेगळी सेवा २०२५ मध्ये टपाल खात्याने स्पीड पोस्टमध्येच विलीन केली आहे. सोबत तेच पत्र ईमेल आणि व्हॉट्सॲपवरही पाठवावे. पाकीट ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारून परत आले तर ते न फोडता तसेच ठेवावे. तो शेरा हाही पुरावाच आहे.

१५ दिवस उलटले, उत्तर नाही. पुढे?

आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. तेथे आदेश निघत नाही, फक्त मध्यस्थी होते, त्यामुळे फार अपेक्षा ठेवू नये. मोठ्या हॉटेलांची आणि साखळी बँक्वेटची तक्रार तेथे सुटू शकते, पण एकखांबी मालकाचे कार्यालय असेल तर फारसा फरक पडत नाही. हॉल एखाद्या संकेतस्थळामार्फत घेतला असेल, तर २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार त्यांच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि एका महिन्यात निवारण देणे बंधनकारक आहे, म्हणून तेथेही लिहावे.

ग्राहक पंचायतीच्या कार्यकर्त्यांचा सल्लाही घेता येतो. ही चळवळ १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यातूनच सुरू केली. शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. तेथे दावा दाखल होण्यापूर्वीच प्रकरण लोक अदालतीत ठेवण्याचा अर्ज करता येतो, आणि महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी सहाय्य मिळते. समोरचा माणूस अडेल असला तरी बेइमान नसेल, तर मला हा मार्ग ग्राहक आयोगापेक्षा बरा वाटतो.

ग्राहक आयोगात जायचे तर कोठे, किती खर्चाने आणि किती मुदतीत?

दिलेला मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात जावे, म्हणजे कार्यालयांची जवळजवळ सगळीच प्रकरणे तेथे बसतात. पाच लाखांपर्यंत शुल्क नाही. २०१९ च्या कायद्याने केलेली मोठी सोय अशी की तक्रारदार जेथे राहतो किंवा काम करतो तेथेही तक्रार करता येते. महाबळेश्वरच्या रिसॉर्टने कोथरूडच्या कुटुंबाचे पैसे अडवले तर साताऱ्याला खेपा घालाव्या लागत नाहीत, आणि पुण्यातल्या लॉन्सविरुद्ध नाशिकचे वधूपिता नाशिकलाच तक्रार करू शकतात. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. तक्रार ई-जागृती संकेतस्थळावरून ऑनलाइन दाखल होते. वकील सक्तीचा नाही.

प्रतिपक्षाला उत्तरासाठी ३० दिवस आणि फार तर आणखी १५ दिवस मिळतात, त्यापलीकडे आयोगही मुदत वाढवू शकत नाही. निकालासाठी कायद्यात तीन महिन्यांची अपेक्षा लिहिली आहे. प्रत्यक्षात तारखा पडतात, तेव्हा वर्षाची मनाची तयारी ठेवलेली बरी.

एक बारकावा असा की करारातील अटच ‘अनुचित करार’ म्हणून रद्द करून मागायची असेल, तर तो अधिकार राज्य आयोगापासून सुरू होतो. जिल्हा आयोगात म्हणून मागणी ‘सेवेतील त्रुटी’ आणि ‘अनुचित व्यापारी प्रथा’ या शब्दांत मांडावी, आणि अट एकतर्फी आहे हे त्याच्या पुष्ट्यर्थ सांगावे. कंपनीने आपल्या वार्षिक मेळाव्यासाठी हॉल घेतला असेल तर ‘व्यावसायिक हेतू’ची हरकत येऊ शकते. अशा वेळी दिवाणी न्यायालयाचा रस्ता आहे, आणि तेथे सर्वसाधारणपणे तीन वर्षांची मुदत मिळते.

पोलिसांत तक्रार करावी का?

नुसता परतावा अडवला असेल तर चौकीत ‘हे दिवाणी आहे’ असेच उत्तर मिळेल, आणि ते बहुधा योग्यही असते. मात्र जागा त्याची नव्हतीच, जागेला टाळे आहे हे माहीत असून बुकिंग घेतले, किंवा एकच तारीख जाणूनबुजून तिघांना विकली, असे असेल तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीची तक्रार करता येते.

मालकाने धनादेश दिला आणि तो वटला नाही.

आता आपली बाजू पूर्वीपेक्षा भक्कम झाली. परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ नुसार, धनादेश परत आल्याचे बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यावी. ती मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे आले नाहीत, तर त्यानंतरच्या एका महिन्यात फौजदारी न्यायालयात तक्रार करावी. या तारखा चुकवू नयेत. येथे मात्र वकील घ्यावा.

इंटरनेटवर त्यांच्याबद्दल लिहिले तर चालेल का?

घडले ते, जसे घडले तसे, तारखांसह लिहायला हरकत नाही. ‘चोर’, ‘लुटारू’ असे शब्द वापरू नयेत, कारण बदनामीची उलटी नोटीस आली की मूळ विषय बाजूला पडतो. ‘पैसे द्या, नाहीतर वाईट अभिप्राय टाकतो’ असे तर कधीच लेखी देऊ नये.

अर्धी रक्कम देऊन ‘पूर्ण हिशेब मिटला’ असे लिहून मागतात. सही करावी का?

ती अर्धी रक्कम मान्य असेल तरच करावी. मान्य नसेल तर “रु. ... मिळाले, उर्वरित रकमेबाबतचे हक्क राखून” असे स्वतःच्या हाताने लिहून सही करावी. तसे लिहू देत नसतील तर सही न करता उठावे. कार्यालयात खुर्चीवर बसवून, समोर नोटा मोजून ठेवून सही मागण्याची पद्धत असते, आणि समोर नोटा असल्या की पेन हातात घेणे फार सोपे जाते. म्हणून हिशेबाला जाताना घरातले एक कोरडे माणूस सोबत न्यावे.

आयोगाचा आदेश आमच्या बाजूने झाला, तरी मालक पैसे देत नाही.

त्याला राज्य आयोगाकडे अपील करायला ४५ दिवस असतात, पण अपील दाखल करून घेण्यासाठी आदेशातील निम्मी रक्कम आधी भरावी लागते. अपील नाही आणि पैसेही नाहीत, अशी स्थिती असेल तर त्याच जिल्हा आयोगात ग्राहक संरक्षण अधिनियमाच्या कलम ७१ खाली वसुलीचा आणि कलम ७२ खाली दंडाचा अर्ज करावा. कलम ७२ मध्ये एक महिना ते तीन वर्षे कारावास, किंवा २५ हजार ते एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. अर्जात मालकाचे पूर्ण नाव आणि राहता पत्ता लागतो, तो पावतीवर क्वचितच छापलेला असतो, म्हणून मूळ तक्रार करतानाच तो मिळवून लिहावा. नुसत्या कार्यालयाच्या नावाने निघालेला वॉरंट घेऊन गेलेल्या पोलिसाला तेथला रखवालदार ‘साहेब बाहेरगावी गेलेत’ एवढेच सांगतो.